एमआय रूमच्या दारातून परत फिरलेल्यांसाठी

सिहोरा आणि भोवतालच्या गावांतून सैन्यात, निमलष्करी दलांत आणि पोलिसांत गेलेल्या तरुणांच्या घरच्यांसाठी ही पुस्तिका आहे. तुमसर-बपेरा रस्त्यावर पहाटे अंधारात पळणारी पोरं आपल्या भागाला नवी नाहीत. धानाच्या दोन-चार बांध्यांवर घर भागत नाही, चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणींत सगळ्यांना काम मिळत नाही, म्हणून दहावी-बारावीनंतर भरतीची तयारी हा इथला ठरलेला रस्ता झाला आहे. कुणी सैन्यात लागतो, कुणी सीआरपीएफ-बीएसएफमध्ये, कुणी राज्य राखीव दलात, कुणी गडचिरोलीच्या बंदोबस्तावर जातो. निवड झाली की चौकात बॅनर लागतो आणि चांदपूरच्या मारुतीचा नवस फेडला जातो. पोरगा पुढे कुठे तैनात आहे, पगार किती, सुटी कधी, याची चौकशी सगळा गाव करतो. त्याला झोप लागते का, हे मात्र कुणी विचारत नाही. विचारलंच, तर तो खरं सांगत नाही.

तैनातीवर असताना मन आजारी पडलं तर जवान डॉक्टरकडे का जात नाही, एवढा एकच प्रश्न या पानांत धरला आहे.

या प्रश्नाचं एक उत्तर सगळ्यांच्या तोंडी असतं: लाज वाटते, समज कमी आहे, जनजागृती व्हायला हवी. या उत्तराशी मी अर्धाच सहमत आहे. जवानाला समज कमी नसते. बर्फात राहिल्यानं बोटं काळी पडली, तर तो त्याच दिवशी दाखवतो. ताप अंगावर काढत नाही, कारण तापाची किंमत त्याला ठाऊक असते: दोन दिवस आराम आणि गोळ्या. मनाच्या दुखण्याची किंमतही त्याला ठाऊक असते. त्या किमतीचा त्यानं मांडलेला हिशेब पुष्कळदा बरोबर असतो, ही खरी अडचण आहे. तो भित्रा नाही, अडाणीही नाही. त्याच्यापुढे जी व्यवस्था आहे ती बघून तो गप्प राहायचं ठरवतो. म्हणून नुसतं ‘बोला, मन मोकळं करा’ असं त्याला सांगत राहणं मला अपुरंच नाही, थोडं अन्यायाचंही वाटतं. बोलल्यावर जे होतं ते बदलायचं काम दुसऱ्यांचं आहे.

आधी आकडे सांगतो, म्हणजे विषय किरकोळ नाही हे कळेल. २०२२ साली संरक्षण राज्यमंत्र्यांनी संसदेत दिलेल्या माहितीनुसार त्याआधीच्या पाच वर्षांत तिन्ही दलांतल्या ८१९ जणांचा मृत्यू आत्महत्येनं झाला. त्यात भूदलाचे ६४२, हवाई दलाचे १४८ आणि नौदलाचे २९. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांचा आकडा २०१८ ते २०२२ या पाच वर्षांत ६५४ होता, आणि त्यात सर्वांत मोठा वाटा सीआरपीएफचा होता, २३०. यातला प्रत्येक जण कुठल्यातरी तुकडीत दहा-वीस माणसांमध्ये राहत होता. रोज सकाळी फॉलइनला उभा राहत होता. त्याच्या शेजारी खाट टाकून झोपणारा बडी होता. एवढ्या माणसांत राहून दुखणं लपतं कसं, हे समजून घ्यायला एका साध्या जवानाची वाट शेवटपर्यंत चालून बघावी लागते.

समजा, सीमेवरच्या पोस्टवर एका जवानाला महिनाभर झोप नाही. डोळा लागला की दचकून उठतो. छोट्या कारणावरून चिडतो. पहाऱ्यावर असताना मध्येच आपण कुठे आहोत तेच त्याला कळेनासं होतं. पहिली पायरी म्हणजे एमआय रूम, युनिटचा दवाखाना. तिथे नर्सिंग असिस्टंट बसतो, तो त्याच्याच मेसमध्ये जेवतो. सिक रिपोर्टच्या वहीत नाव लिहिलं जातं, आणि कोण कशासाठी गेला होता हे संध्याकाळपर्यंत बराकीत कळतं. युनिटच्या डॉक्टरला वाटलं की हा मनोविकारतज्ज्ञानं बघायचा रुग्ण आहे, तर त्याला मोठ्या रुग्णालयात पाठवतात. बरोबर एस्कॉर्ट असतो, म्हणजे आणखी कुणीतरी सारं बघणार. त्याच वेळी युनिटकडून एक फॉर्म भरून जातो, एएफएमएसएफ-दहा. या जवानाचं काम कसं आहे, वागणूक कशी, दारू किती, घरच्या अडचणी काय, वागण्यात बदल कधीपासून, हे कमांडिंग ऑफिसरच्या सहीनं लिहायचं असतं. डॉक्टरच्या दृष्टीनं हा कागद उपयोगाचा आहे, कारण रुग्ण स्वतः सांगत नाही ते युनिटला माहीत असतं. पण जवानाच्या बाजूनं बघा. ज्याच्या हातात आपली रजा, बढती आणि वार्षिक अहवाल, त्याच साहेबाला आपल्या मनाविषयी लिहून द्यायला सांगितलं आहे. साहेब भला असेल तर उपचाराला मदत होते. साहेबाशी बिनसलं असेल तर काय, हा प्रश्न जवानाच्या मनात एमआय रूमच्या दारातच येतो, आणि बरेच जण तिथूनच मागे फिरतात.

त्यापुढे वैद्यकीय श्रेणी. सैन्यात प्रत्येकाची तंदुरुस्ती ‘शेप’ या पाच अक्षरी पद्धतीनं मोजतात. पाच अक्षरांपैकी पहिलं ‘एस’ मनाचं, बाकीची कान, हातपाय, शरीराची एकूण क्षमता आणि डोळे यांची. पाचही ठिकाणी एक नंबर असेल तर माणूस शेप-वन, कुठेही पाठवायला योग्य. मनोविकाराचं निदान होऊन उपचार सुरू झाले की ‘एस’चा नंबर खाली येतो, बहुतेक वेळा आधी २४ आठवड्यांसाठी. त्या काळात त्याला हत्यार देत नाहीत, पहाऱ्याची ड्युटी देत नाहीत, अवघड ठिकाणी पाठवत नाहीत. वैद्यकीय दृष्टीनं हे योग्यच आहे. पण सकाळी सगळे कोतासमोर, म्हणजे शस्त्रागारासमोर, रांगेत उभे राहून आपापली रायफल घेतात, आणि हा एकटा लंगरच्या किंवा बागेच्या कामाला जातो, तेव्हा कंपनीतल्या शंभर माणसांना न सांगता सगळं कळतं. घरी बायकोला फोनवर काय सांगायचं, हा त्याचा त्या दिवशीचा सर्वांत मोठा प्रश्न असतो. बढतीचा कोर्स, परदेशातल्या शांतिसेनेत जायची संधी, सेवेची मुदतवाढ, या सगळ्यांना श्रेणी आडवी येते. ज्याच्या पगारावर तुमसरच्या बँकेतलं ट्रॅक्टरचं कर्ज आणि धाकट्या बहिणीचं लग्न उभं आहे, तो हे सगळं पणाला लावून ‘झोप येत नाही’ एवढंच सांगायला जाईल का?

कुटुंबांना क्वचितच माहीत असलेली एक गोष्ट इथे ठळकपणे सांगतो. ही खालची श्रेणी सुरुवातीला तात्पुरती असते. मुदत संपली की फेरतपासणी होते आणि बरा झालेला जवान पुन्हा शेप-वन होऊ शकतो. उदासी, चिंता, आघातानंतरचा ताण यांवर लवकर उपचार झाले तर माणसं कामावर परततात. बराकीत मात्र ‘एकदा एस लागला की संपलं’ एवढंच ऐकू येतं. बरा होऊन परतलेला माणूस आपली गोष्ट कुणाला सांगत नाही, म्हणून नव्या जवानापुढे उदाहरण येतं ते फक्त बिघडलेल्याचं.

ही अडचण भारतीय जवानाची एकट्याची नाही. २००४ साली चार्ल्स होग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इराक-अफगाणिस्तानात लढलेल्या अमेरिकी सैनिकांचा अभ्यास ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापला. ज्यांच्यात मानसिक आजाराची लक्षणं दिसली त्यांच्यापैकी जेमतेम २३ ते ४० टक्क्यांनीच मदत घेतली होती. लोक आपल्याला कमजोर समजतील असं त्यांच्यातल्या ६५ टक्क्यांना वाटत होतं, आणि नोकरीचं नुकसान होईल असं निम्म्यांना. आणखी नोंद अशी की ज्यांना मदतीची गरज नव्हती त्यांना ही भीती कमी वाटत होती. ज्याला दार उघडून आत जायचं होतं, त्यालाच ते सर्वांत जड वाटत होतं. तिथे तज्ज्ञ मुबलक, पैसा मुबलक, तरी ही स्थिती. म्हणून केवळ डॉक्टरांची संख्या वाढवून काम होईल, असं मला वाटत नाही.

याहून जुनी शिकवण पहिल्या महायुद्धातली आहे. तोफांच्या माऱ्याखाली राहून थरथरणाऱ्या, बोलणं बंद झालेल्या सैनिकांना सुरुवातीला भित्रे ठरवलं गेलं. पळून जाण्याच्या किंवा भित्रेपणाच्या आरोपाखाली गोळ्या घातलेल्या ३०६ सैनिकांना ब्रिटननं २००६ साली, नव्वद वर्षांनी, माफी दिली. त्याच युद्धात डॉक्टरांना एक गोष्ट उमगली होती. सैनिकाला आघाडीपासून दूर, मोठ्या इस्पितळात नेऊन ठेवलं की तो स्वतःला कायमचा रोगी समजू लागतो. त्याऐवजी आघाडीच्या जवळच, ताबडतोब, आणि ‘तू पुन्हा आपल्या माणसांत जाणार आहेस’ या खात्रीनं उपचार केले तर बहुतेक जण सावरतात. जवळ, लगेच, परतीच्या खात्रीनं. शंभर वर्षांपूर्वी कळलेल्या या तीन गोष्टींशी आपली व्यवस्था ताडून बघावी. पोस्टवरून रुग्णालय दूर, जायला उशीर, आणि परतीची खात्री कुणी देत नाही.

सैन्याकडे निदान आपले मनोविकारतज्ज्ञ आहेत, पुण्याचं सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे या विषयाचा अनेक वर्षांचा अभ्यास आहे. आपल्या भागातली बरीच मुलं ज्या दलांत आहेत, त्यांची परिस्थिती याहून कठीण आहे. सीआरपीएफचा जवान एका निवडणुकीतून दुसऱ्या राज्याच्या निवडणुकीत, तिथून काश्मीरला, तिथून बस्तरला फिरत राहतो. आज या शाळेत मुक्काम, उद्या त्या मंगल कार्यालयात. एका डॉक्टरकडे सलग सहा महिने जाणं त्याला कसं जमणार? राज्य राखीव दलाच्या जवानाचा बंदोबस्त तर गणपतीपासून निवडणुकीपर्यंत संपतच नाही. त्याला बहुतेक वेळा सरकारी जिल्हा रुग्णालयात जावं लागतं, आणि तिथल्या रांगेत गणवेश ओळखणारं कुणीतरी भेटतंच.

गडचिरोलीचं वेगळं सांगायला हवं. १ मे २०१९ रोजी, महाराष्ट्र दिनी, कुरखेडा तालुक्यात जांभुळखेड्याजवळ माओवाद्यांनी भूसुरुंगाचा स्फोट केला. शीघ्र कृती दलाचे १५ जवान आणि त्यांच्या गाडीचा चालक मारले गेले. त्यांत आपल्या भंडारा जिल्ह्यातली मुलंही होती. तिरंग्यात गुंडाळलेल्या पेट्या घरी आल्या, हजारो लोक अंत्ययात्रेला आले. तो सन्मान योग्यच होता. पण घटनास्थळी पोहोचून आपल्या सोबत्यांना ज्यांनी उचललं, त्यांना नंतरच्या रात्री कशा गेल्या असतील? २००९ साली मरकेगाव, हत्तीगोटा आणि लाहेरी अशा तीन मोठ्या हल्ल्यांत त्या जिल्ह्यातले जवळपास पन्नास पोलीस मारले गेले, आणि तेव्हाचे त्यांचे सोबती आजही कुठल्यातरी ठाण्यात नोकरी करत आहेत. मेलेल्यांची नावं स्मारकावर आहेत. वाचलेल्यांनी काय पाहिलं त्याची नोंद कुठेच नाही. त्यांच्यापैकी कुणी ‘मला अजून ते दिसतं’ म्हणाला, तर ‘तू तरी जिवंत आहेस ना’ हे उत्तर त्याला घरातूनही मिळतं आणि दलातूनही. अशा उत्तरानंतर माणूस पुन्हा विषय काढत नाही.

मग दारू. तणाव कमी करायचं एकच साधन फौजी जीवनात उघडपणे मान्य आहे. झोपेसाठी गोळी घेतली तर श्रेणी जाईल, दोन पेग घेतले तर कुणी काही म्हणत नाही. सुटीवर आलेला जवान कँटीनच्या बाटल्या घेऊन येतो, गावातले मित्र जमतात, आणि तो रोज पितो याला सगळे सुटीची मजा समजतात. लष्करी मनोविकारतज्ज्ञांनी दहशतवादविरोधी मोहिमांवरच्या सैनिकांविषयी जे लिहिलं आहे, त्यात दारूचा प्रश्न उदासी आणि चिंतेबरोबरच येतो. दारूचं व्यसन हाही ‘एस’मध्येच मोजला जाणारा आजार आहे, हे घरच्यांनी ध्यानात ठेवावं. तो का पितो हे न विचारता फक्त पिण्यावरून भांडण केलं, तर मूळ दुखणं आणखी खोल जातं.

आता आपल्या घराकडे वळू या. सगळा दोष फौजेवर टाकून मोकळं होणं सोपं आहे, पण जवानाला गप्प ठेवण्यात गावाचाही मोठा वाटा आहे.

पूर्वी घरची बातमी आंतरदेशीय पत्रानं पंधरा दिवसांनी पोहोचायची, तोवर भांडण मिटलेलं असायचं. आज धुऱ्यावरून चुलत्याशी कुरबुर झाली की त्याच रात्री व्हिडिओ कॉल जातो. आई रडते, बायको सासूची तक्रार सांगते, भाऊ पैसे मागतो. पोरगा हजार मैलांवर बंदूक घेऊन बसलेला असतो आणि त्याला त्यातलं काहीच करता येत नाही. सैन्यातल्या आत्महत्यांच्या कारणांत घरगुती कलह, जमिनीचे वाद आणि वेळेवर न मिळालेली रजा यांचा उल्लेख सरकारी उत्तरांत पुन्हा पुन्हा येतो. धुऱ्याचा वाद आपल्याला छोटा वाटतो, पण पोस्टवर बसलेल्या माणसाला रात्रभर दुसरं काही सुचत नाही. यावर उपाय आहेत, तेही जुने. युनिटचा कमांडिंग ऑफिसर जिल्हाधिकाऱ्याला पत्र लिहू शकतो. भंडाऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अर्ज करता येतो. विशेष परिस्थितीत किंवा युद्धसेवेत असलेल्या सैनिकाच्या गैरहजेरीत त्याच्याविरुद्ध निकाल लागू नये म्हणून खटला थांबवण्याची तरतूद १९२५ च्या सैनिक खटलेविषयक कायद्यात आहे. तलाठी कार्यालयात खेटे घालणाऱ्या म्हाताऱ्या बापाला हे कुणी सांगत नाही, आणि पोरगा तिकडे झुरत राहतो.

सुटीचं दुखणं वेगळं. जुलैत रोवणीच्या वेळी पोरगा आला तर सगळ्यांना आनंद होतो, दोन हात वाढले. पऱ्हे काढायला, चिखल करायला तो बांधीत उतरतो. दिवसभर ठीक असतो. मग ट्रॅक्टरचा सायलेन्सर फटकन वाजतो आणि तो चिखलात खाली बसतो. बायका हसतात, तोही हसतो. रात्री अंगणात खाट टाकून जागा असतो. आई विचारते, ‘झोप नाही येत का रे बाबू?’ तो म्हणतो, ‘येते ना, गरम होऊन राहिलं.’ आईला कळतं, पण पुढे काय विचारायचं हे तिला कळत नाही. चार दिवसांनी शेजारीण सांगते, बाहेरचं काहीतरी लागलं असेल, दाखवून आण. मग झाडफूक होते, गंडा बांधला जातो. मी श्रद्धेवर टीका करत नाही. मारुतीपुढे हात जोडून आईला बळ येत असेल तर ते तिनं घ्यावं. पण सुटीचे तीस दिवस झाडफुकीत गेले की डॉक्टरकडे जायला वेळ उरत नाही, आणि आजार त्याच्याबरोबर पोस्टवर परत जातो.

डॉक्टर म्हटलं की गावाच्या डोळ्यांपुढे एकच जागा येते, नागपूरचं मनोरुग्णालय. १८६४ सालापासूनची ही संस्था पूर्व विदर्भातल्या अनेक पिढ्यांच्या भीतीचं ठिकाण झाली आहे. ‘नागपूरला नेलं’ एवढं म्हटलं की लग्न मोडतात, धाकट्या भावाची सोयरीक अडते. म्हणून घरची माणसंही जवानाला गप्प राहायला सांगतात. प्रेमानंच सांगतात. खरं तर झोप न येणं, दचकणं, उदासी, दारू यांसाठी मनोरुग्णालयात भरती व्हायची गरज बहुतेकांना पडत नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातला डॉक्टर बाह्यरुग्ण विभागात तपासून औषध देऊ शकतो. सेवेत असलेला सैनिक सुटीवर आजारी पडला तर जवळच्या लष्करी रुग्णालयात दाखवू शकतो, आणि आपल्यासाठी ते कामठीला आहे.

नव्या मुलांची, अग्निवीरांची, मला सर्वांत जास्त काळजी वाटते. २०२२ पासून भरती झालेल्या या मुलांना चार वर्षांची सेवा आहे, आणि त्यातल्या २५ टक्क्यांपर्यंतच पुढे कायम घेतलं जाईल असं योजनेत म्हटलं आहे. या चार वर्षांत आपल्या नावापुढे काहीही डाग नको, असं प्रत्येकाला वाटणार. वीस-एकवीस वर्षांचा मुलगा, पहिल्यांदाच घराबाहेर, सोबतच्या तिघांशी स्पर्धा. त्यानं आपण होऊन एमआय रूममध्ये जाऊन मनाची तक्रार सांगावी, ही अपेक्षा धरता येत नाही. त्याच्याकडे कुणीतरी जायला हवं.

काही प्रयत्न झाले आहेत आणि त्यांची नोंद घेतली पाहिजे. सैन्यानं युनिटमधल्या धर्मगुरूंना आणि जेसीओंना समुपदेशनाचं प्रशिक्षण दिलं. सीआरपीएफच्या कंपन्यांत ‘चौपाल’ भरवून जवानांना साहेबांपुढे बोलतं करायचा उपक्रम झाला. २०१९ साली केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांनी निमलष्करी जवानाला वर्षातले १०० दिवस कुटुंबाबरोबर मिळावेत, असं उद्दिष्ट जाहीर केलं. २०२१ मध्ये आत्महत्यांची कारणं शोधायला गृह मंत्रालयानं कार्यदल नेमलं. योग आणि ध्यानाचे वर्ग तर जागोजागी चालतात. यातल्या रजेच्या घोषणेला मी सर्वांत जास्त महत्त्व देतो आणि योगवर्गांना सर्वांत कमी. योग वाईट आहे म्हणून नव्हे. बापाच्या आजारपणात ज्याची रजा दोनदा नाकारली गेली, त्याला श्वासाचे व्यायाम शिकवून त्याचा राग जाणार नाही. चौपालमध्येही साहेब समोर बसलेले असताना साहेबांची तक्रार कोण सांगणार? जवानाला हवी आहे अशी एक जागा, जिथे बोललेलं त्याच्या श्रेणीपर्यंत आणि अहवालापर्यंत आपोआप पोहोचत नाही. हत्याराचा धोका असेल तेव्हा कळवावंच लागेल, ते कुणी नाकारत नाही. पण झोप, भीती, घरचं दुःख यांसाठीच्या पहिल्या चार-सहा भेटी नोंदीबाहेर राहायला हव्यात. याशिवाय बाकीचे उपाय अपुरे पडतील, असं माझं ठाम मत आहे.

अशा जागेच्या जवळ जाणारी एक सोय आपल्याच राज्यात उभी राहिली आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारची टेली-मानस ही दूरध्वनी सेवा सुरू झाली. १ डिसेंबर २०२३ रोजी पुण्याच्या सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयात सैनिकांसाठी आणि त्यांच्या कुटुंबांसाठी टेली-मानसचा खास कक्ष सुरू झाला. सैनिकाला फौजी जीवन समजावून सांगत बसावं न लागता बोलता यावं, हा त्यामागचा विचार योग्य आहे. कायदाही थोडा मऊ झाला आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरलं जातं, त्याला गुन्हेगार मानून शिक्षा करायची नसते. ही गोष्ट पोलीस ठाण्याच्या भीतीनं रुग्णाला दवाखान्यात न नेणाऱ्या घरांना माहीत असली पाहिजे.

सेवेतून बाहेर पडलेल्यांविषयी थोडक्यात. मनोविकारामुळे घरी पाठवलेल्या सैनिकाला ‘हा आजार सेवेमुळे झालेला नाही’ असा शेरा मारून अपंगत्वाचं पेन्शन नाकारल्याची प्रकरणं न्यायालयांत पुष्कळ आली आहेत. २०१३ साली धरमवीर सिंग यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर नंतरचा आजार सेवेमुळे झाला असं गृहीत धरावं, आणि तसं नसल्याचं सिद्ध करायचा भार सरकारवर आहे. तो खटला फेफऱ्याचा होता, पण तत्त्व सगळ्या आजारांना लागू आहे. ज्यांच्या घरात असा माणूस आहे त्यांनी कागद टाकून देऊ नयेत.

ही पुस्तिका घरातल्या बायकांनी आधी वाचावी, अशी माझी विनंती आहे. जवानाच्या आवाजातला बदल सर्वांत आधी त्यांना कळतो. तो फोन लवकर ठेवू लागला, मुलाशी बोलायला टाळू लागला, आपल्या वस्तू किंवा पैसे वाटून टाकू लागला, ‘माझ्यानंतर तुम्ही असं करा’ अशी भाषा बोलू लागला, तर ते मनावर घ्या. मरायचा विचार येतो का, असं सरळ विचारलं तर तो विचार वाढत नाही, उलट बोलायला वाट मिळते. धोका वाटला तर लाज न बाळगता युनिटला कळवा, त्याच्या बडीला फोन करा, सुभेदार साहेबांशी बोला. श्रेणी परत मिळू शकते.

त्याला रोज रात्री घरच्या तक्रारी सांगू नका, पण घरातलं लपवूही नका. सुटीवर आला की पहिले चार दिवस त्याला कामाला लावू नका आणि सत्काराला नेऊ नका. गावातल्या सरपंचांना आणि माजी सैनिकांना एक सांगणं आहे. तुमच्यापैकी ज्यांनी हे भोगलं आणि त्यातून बाहेर आलात, त्यांनी एकदा तरी भरतीच्या पोरांसमोर ते बोलून दाखवा. तुम्ही बोललात तर तो मुलगा उद्या एमआय रूमच्या दारातून मागे फिरणार नाही.

टेली-मानसचा क्रमांक १४४१६ आहे. फोन मोफत आहे, दिवसरात्र चालतो, आणि मराठीत बोलता येतं. तो घराच्या भिंतीवर लिहून ठेवा आणि आज रात्रीच्या फोनवर त्यालाही सांगा.